बंद खोलीतील हवा आणि तिची गाळणी



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या अंकातील विषय थोडा वेगळा आहे, पण तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे. गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत गावातील बालवाडीसाठी हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे, असा विषय निघाला. पैसे सोसायटीच्या धर्मादाय फंडातून द्यायचे होते. विक्रेत्याचे माहितीपत्रक हातोहात फिरले. त्यावर ठळक अक्षरांत '९९.९७ टक्के' असे छापलेले होते. एक जुनेजाणते सभासद आम्हांला म्हणाले, "साहेब, ठिबकचा फिल्टर तुम्ही बघून देता, तसा हाबी बघून सांगा. पैसा समद्यांचा हाय."

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण शेतीचे. तरीपण गाळणी, प्रवाह आणि भांड्याचे माप हा हिशेब आम्ही रोज करतो, आणि या यंत्राचा हिशेबही तोच आहे. म्हणून माहिती घेऊन, पडताळून, हा लेख लिहीत आहोत.

लिहिण्याचे दुसरे कारण

एप्रिल २०२१ मध्ये हंगाम संपत आला होता. शिल्लक उसाचा आढावा घेण्यासाठी आम्ही सातजण गट ऑफिसच्या खोलीत बसलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होते. आम्हीच दार लावून घेतले, खिडकी लावून घेतली आणि ए.सी. सुरू केला. टेबल सॅनिटायझरने पुसले, हात धुतले, अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या. चहा आला तेव्हा मास्क खाली आले आणि ते तसेच राहिले. तीन तास बैठक चालली. आठवड्याभरात पाचजण आजारी पडले. त्यांतील आमचा एक स्लिपबॉय परत आला नाही. घरी दोन लहान मुले होती.

त्याला रोग त्याच खोलीत लागला असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तेव्हा रोग गावोगाव होता. पण आम्ही टेबल पुसले, हात धुतले आणि जी हवा सातजण मिळून तीन तास आत-बाहेर करत होते, तिचा विचारच केला नाही. ही आमची चूक होती. ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठी पुढील माहिती लक्षपूर्वक वाचावी.

रोग हवेतून पसरतो म्हणजे काय?

तणनाशक फवारताना आपण नोझल बघून घेतो. जाड थेंब पडला तर तो जागच्या जागी खाली बसतो. फवारा फार बारीक झाला तर तो वाऱ्यावर उडतो आणि शेजाऱ्याच्या द्राक्षबागेचे नुकसान करतो. टू-फोर-डीच्या बाबतीत असली भांडणे आपण पुष्कळ पाहिली आहेत.

माणसाच्या तोंडा-नाकातून निघणाऱ्या थेंबांचेही असेच आहे. खोकताना उडालेला मोठा थेंब एक-दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतो. बारीक थेंबातील पाणी मात्र क्षणात सुकते, आणि उरलेला अतिसूक्ष्म कण जंतूसह हवेत तरंगत राहतो. नुसते बोलताना, गातानाही असे कण बाहेर पडतात. मोकळ्या रानात ते विरून जातात. बंद खोलीत ते धुरासारखे साठत जातात.

ही गोष्ट १९३० च्या दशकात अमेरिकेतील विल्यम वेल्स यांनी मांडली. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथील एका रुग्णालयात वेल्स, रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची परीक्षा घेतली. क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा त्यांनी नळातून वरच्या मजल्यावर नेली. तेथे पिंजऱ्यांत गिनीपिग ठेवले होते. त्यांचा आणि रोग्यांचा दुसरा काही संबंध नव्हता, संबंध होता तो फक्त हवेचा. तरीही त्यांना क्षयाची लागण झाली. नंतर तशीच हवा अतिनील किरणांतून नेऊन दुसऱ्या गिनीपिगांना दिली, त्यांना लागण झाली नाही. म्हणजे रोग हवेतून गेला आणि हवा निर्जंतुक केल्यावर थांबला, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या.

कोरोनाच्या काळातील दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले चीनमधील ग्वांगझौ शहराचे. २४ जानेवारी २०२० रोजी एका हॉटेलात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली. एका कुटुंबातील व्यक्तीला लागण झालेली होती. तेथे खिडक्या नव्हत्या. ए.सी. तीच ती हवा फिरवत होता आणि बाहेरची ताजी हवा जवळजवळ येतच नव्हती. त्या तीन कुटुंबांतील मिळून दहाजणांना रोग झाला.

दुसरे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे. माउंट व्हर्नन या गावी १० मार्च २०२० रोजी एक गायनमंडळ सरावासाठी जमले. आपल्याकडील भजनी मंडळासारखेच समजा. ६१ जण अडीच तास एका सभागृहात गात होते. हात स्वच्छ ठेवण्याची काळजी त्यांनी घेतली होती. आधीच आजारी असलेली एक व्यक्ती धरून ५३ जण आजारी पडले, कोणाचे निदान तपासणीने झाले तर कोणाचे लक्षणांवरून. दोघे दगावले.

कोरोना, क्षय, गोवर, कांजिण्या, फ्ल्यू हे सर्व कमी-अधिक प्रमाणात हवेच्या वाटेने जातात. जगातील क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. तेव्हा हा विषय कोरोनाबरोबर संपला असे कोणी समजू नये.

हवा तासाला किती वेळा बदलते?

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला की खोलीत मावणारी हवा कळते. बालवाडीची खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. म्हणजे ३,००० घनफूट हवा. घनमीटरमध्ये सुमारे ८५.

तासाभरात एवढी ताजी किंवा गाळलेली हवा आत आली, तर 'तासाला एक बदल' झाला असे म्हणतात. पण एका बदलात सगळी घाण जाते असे मात्र नाही. फवारणीच्या टाकीत उरलेले औषध धुताना वरून पाणी सोडले आणि खालून सांडू दिले, तर नवे पाणी जुन्यात मिसळत जाते. टाकीभर पाणी ओतले तरी औषधाचा काही अंश राहतोच. हवेचेही तसेच. नीट मिसळणाऱ्या खोलीत एका बदलानंतर सुमारे ३७ टक्के कण शिल्लक राहतात.

नवे कण येणे थांबले असे धरून ९९ टक्के कण जायला लागणारा वेळ पुढीलप्रमाणे:

तासाला २ बदल असल्यास सुमारे १३८ मिनिटे.
तासाला ५ बदल असल्यास सुमारे ५५ मिनिटे.
तासाला १२ बदल असल्यास सुमारे २३ मिनिटे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये माणसांच्या वावराच्या इमारतींसाठी तासाला किमान ५ बदलांचे उद्दिष्ट ठेवावे असे सुचवले. ताजी हवा आणि गाळलेली हवा यांची बेरीज करून ५ झाले तरी चालते. आपणही हाच आकडा धरून चालू.

गाळणी म्हणजे चाळणी नव्हे

आता यंत्राकडे येऊ. त्यात एक पंखा असतो आणि त्याच्या पुढे किंवा मागे घड्या घातलेला जाड कागदासारखा फिल्टर असतो. चांगल्या प्रतीच्या फिल्टरला 'हेपा' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबॉम्बचे काम चालू असताना किरणोत्सर्गी धूळ पकडण्यासाठी असे फिल्टर तयार झाले. पुढे ते रुग्णालयांत, औषधांच्या कारखान्यांत आणि आता घरगुती यंत्रांत आले.

पुष्कळांचा समज असा की, फिल्टरच्या भोकापेक्षा जंतू मोठा असेल तरच तो अडकतो. ठिबकच्या जाळीच्या फिल्टरला हे लागू आहे, हवेच्या फिल्टरला नाही. हा फिल्टर म्हणजे बारीक तंतूंचे दाट जंगल असते. त्यातून जाताना कण तीन तऱ्हांनी सापडतो. मोठा कण जड असतो. हवा वळली तरी तो वेगाने सरळ जाऊन तंतूवर आदळतो. मधल्या आकाराचा कण तंतूला घासून जाताना चिकटतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू सतत धक्के देत असतात, त्यामुळे तो वेडावाकडा भरकटतो आणि कोठेतरी तंतूला लागतोच. म्हणजे सर्वांत बारीक कण उलट सोप्याने सापडतो. पकडायला अवघड तो सुमारे ०.३ मायक्रॉनचा. ना तो जड, ना पुरेसा भरकटणारा. म्हणून फिल्टरची परीक्षा याच मापाच्या कणावर घेतात, आणि त्यात १०० पैकी ९९.९७ कण अडकले तर तो हेपा ठरतो. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा.

माहितीपत्रकातील ९९.९७ हा आकडा खोटा नव्हता. पण तो कागदाचा आकडा आहे, खोलीचा नाही. फिल्टरमधून जी हवा गेली तिच्यातील कण गेले. जी हवा यंत्रापर्यंत पोचलीच नाही तिचे काय?

विहिरीवर उत्तमातला उत्तम फिल्टर बसवला आणि त्याला अर्ध्या इंचाची नळी जोडली, तर पाच एकर ऊस भिजेल काय? पाणी स्वच्छ येईल, पण पीक वाळेल. पंप घेताना आपण डिस्चार्ज विचारतो, तसाच येथेही विचारला पाहिजे.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न

या डिस्चार्जला 'सी.ए.डी.आर.' असे नाव आहे. यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते ते यावरून समजते. आपल्याकडे तो बहुधा घनमीटर प्रतितास या मापात खोक्यावर छापलेला असतो. तो छापलेला नसेल आणि विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये.

बालवाडीचा हिशेब असा:

खोली ८५ घनमीटर. तासाला ५ बदल हवेत. ८५ गुणिले ५ म्हणजे ४२५. तेव्हा यंत्राचा सी.ए.डी.आर. ताशी ४२५ घनमीटर पाहिजे. घनफुटांत सांगायचे तर मिनिटाला २५०.

बैठकीत दाखवलेल्या यंत्राचा आकडा खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडला. तो १२० होता. १२० भागिले ८५ म्हणजे तासाला जेमतेम १.४ बदल. या वेगाने ९९ टक्के कण जायला सव्वातीन तास लागतील, तोवर बालवाडी सुटलेली असेल. शिवाय हा आकडा सर्वांत जोराच्या वेगाचा असतो. आवाज होतो म्हणून बाईंनी यंत्र हळू केले की तो आणखी उतरतो.

आता याच्या उलट बघा. समजा, दुसऱ्या यंत्राचा फिल्टर साधा आहे आणि एका फेरीत तो फक्त ६० टक्के कण पकडतो, पण त्यातून मिनिटाला ४०० घनफूट हवा जाते. ४०० चे ६० टक्के म्हणजे २४० घनफूट स्वच्छ हवा. पहिल्या यंत्राची भरते सुमारे ७०. खोलीच्या दृष्टीने ६० टक्केवाला ९९.९७ टक्केवाल्याला मागे टाकतो. सभासदांनी या लेखातील दुसरे काही विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये.

यंत्राने खरोखर फरक पडतो काय, असेही विचारले गेले. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील ॲडनब्रुक्स रुग्णालयात २०२१ च्या सुरुवातीला कोरोनाच्या एका वॉर्डात हेपा यंत्रे एक आठवडा बंद, एक आठवडा चालू आणि पुन्हा बंद ठेवून हवेची तपासणी केली. बंद असताना हवेत विषाणू सापडत होता, चालू असताना सापडला नाही. हवा स्वच्छ होते हे यावरून दिसते. किती माणसे आजारी पडण्यापासून वाचली, हे मात्र त्या तपासणीत मोजलेले नव्हते. दोन्ही गोष्टी सांगणे आम्हांला योग्य वाटते.

स्वस्तातील पेटी

२०२० साली अमेरिकेतील रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघांच्या कल्पनेतून एक घरगुती पेटी तयार झाली. चौकोनी २० इंची पंखा, २० इंची चार फिल्टर, पुठ्ठा आणि चिकटपट्टी एवढेच सामान. चार फिल्टर चार भिंतींसारखे उभे करायचे, तळाला पुठ्ठा आणि वर पंखा, हवेचा झोत वरच्या बाजूला. हवा चारी बाजूंनी आत येते आणि गाळून वरून बाहेर पडते. फिल्टर 'मर्व्ह १३' या प्रतीचा लागतो. १ ते ३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ८५ टक्के कण तो एका फेरीत पकडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील तपासणीत अशा पेटीने पंख्याच्या वेगानुसार मिनिटाला ६०० ते ८५० घनफूट स्वच्छ हवा दिली. आपल्या बालवाडीला २५० लागते, हे ताडून पाहावे.

असा चौकोनी पंखा आपल्या तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही, आणि टेबलफॅन लावला तर पात्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून हवा उलटी फिरते. ती जागा पुठ्ठ्याची गोल चौकट करून बंद करावी लागते. पंखा नवा असावा, जोडणी वायरमनकडून करून घ्यावी, आणि रात्री कोणी नसताना पेटी चालू ठेवू नये.

आधी खिडकी, मग यंत्र

एवढे सांगून झाल्यावर मुख्य गोष्ट सांगतो. सर्वांत मोठा डिस्चार्ज खिडकीचा असतो आणि तिला वीज लागत नाही.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाची राजधानी लिमा येथे आठ रुग्णालयांतील खोल्यांची हवा मोजली गेली. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला साधारण २८ बदल होत होते. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ चा दर धरलेला होता. त्यातही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत ४०, तर नव्या इमारतींत १७. आपल्या गावातील जुन्या शाळांची कौलारू, उंच, समोरासमोर खिडक्या असलेली खोली पाडून त्या जागी बुटक्या स्लॅबची खोली बांधताना हे आकडे पुढे ठेवावेत.

आम्ही बालवाडीची खोली प्रत्यक्ष जाऊन पाहिली. चार खिडक्यांपैकी दोन कपाटांच्या मागे गेलेल्या. सेविकाताई म्हणाल्या, "साहेब, कपाटं हलवू, पण थंडीत सकाळी पोरं कुडकुडतात. आणि कारखाना चालू असला की काजळी येती घरात. मग खिडकी लावावीच लागती."

त्यांचे म्हणणे रास्त आहे. गळीत हंगामात बॉयलरची काजळी जवळच्या वस्तीवर उतरते हे आम्ही नाकारत नाही. अशा दिवसांत खिडकी बंद ठेवावी लागते, आणि यंत्राची खरी जागा तीच. म्हणून आम्ही सोसायटीला असे सुचवले आहे की, आधी कपाटे हलवून चारही खिडक्या मोकळ्या कराव्यात, एका झरोक्यात बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा, आणि थंडी-काजळीच्या दिवसांसाठी ४२५ किंवा अधिक सी.ए.डी.आर.चे यंत्र घ्यावे. एका यंत्राने भागत नसेल तर दोन लहान घेऊन बेरीज करावी. १२० चे एकच यंत्र घेऊन निर्धास्त राहणे म्हणजे पैसा जाऊन धोका तसाच.

मोठ्या सभागृहाचा हिशेब वेगळा होतो. ६० फूट लांब, ३० फूट रुंद, १४ फूट उंच सभागृहाला ५ बदलांसाठी मिनिटाला २,१०० घनफूट हवा लागते. तेथे घरगुती यंत्रे आठ-दहा लागतील. अशा ठिकाणी दारे उघडी ठेवून बाहेर हवा फेकणारे पंखे लावावेत, हेच परवडते. वार्षिक सभा तर मांडवात घेतलेली उत्तम.

नेहमीचे गैरसमज

१. 'ए.सी. हवा शुद्ध करतो.' घरगुती ए.सी. खोलीतील हवा थंड करून परत खोलीतच सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, जंतू नव्हे. आमची २०२१ ची बैठक आठवावी.

२. 'कूलर घातक.' खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती जायला समोरची खिडकी उघडी ठेवली तर हवा चांगली बदलते. टाकीतील पाणी मात्र बदलत राहावे, नाहीतर डास होतात.

३. 'छताचा पंखा पुरे.' तो हवा फिरवतो, बदलत नाही.

४. 'ओझोन सोडणारे यंत्र जास्त पॉवरफुल.' ओझोन फुफ्फुसाला अपायकारक आहे. माणसे बसतात तेथे असले यंत्र नको.

५. 'फिल्टर धुऊन वापरू.' ठिबकचा फिल्टर आपण बॅकवॉश करतो, पण हेपा कागद धुतला तर निकामी होतो. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा. बदलताना मास्क लावावा आणि जुना फिल्टर पिशवीत बांधून टाकावा. नव्या फिल्टरची किंमत यंत्र घेण्यापूर्वीच विचारून ठेवावी.

६. 'यंत्र आहे, आता खिडकी कशाला?' फिल्टर कण पकडतो, आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू पकडत नाही. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० असतो. खोलीत मोजून तो ८०० च्या आत राहिला तर ताजी हवा पुरेशी समजावी. त्याचे लहान मीटर बाजारात मिळते. शाळा, दवाखाना, सोसायटी मिळून एक घेतले तरी फिरवून वापरता येईल.

यंत्राची मर्यादाही ओळखावी. समोर बसून कोणी तोंडावर खोकला तर कोपऱ्यातील यंत्र काही करू शकत नाही. लस, मास्क, औषधोपचार यांना ते पर्याय नाही. वीज गेली की ते बंद पडते, हे वेगळे सांगायला नको.

तोडणी मजुरांच्या कोप्या

शेवटी एक गोष्ट आवर्जून. आपला ऊस तोडायला येणारी माणसे पाच-सहा महिने कोप्यांत राहतात. थंडीत कोपी चोहोबाजूंनी ताडपत्रीने बंद करून आत पाच-सात जीव झोपतात, आत चूलही पेटते. एखाद्याला क्षयाचा खोकला असेल तर सगळ्या घरादाराला धोका. तेथे यंत्र नेता येत नाही. पण कोपी उभारताना छपराखाली दोन्ही टोकांना हातभर झरोका ठेवता येतो, चूल बाहेर काढता येते, आणि साखरशाळेचा वर्ग पत्र्याच्या बंद खोलीऐवजी झाडाखाली किंवा उघड्या मांडवात भरवता येतो. फडावर गेल्यावर दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा थुंकीत रक्त असे कोणाचे दिसले, तर त्याला सरकारी दवाखान्यात पाठवावे. क्षयाची तपासणी आणि औषध तेथे मोफत आहे. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. मजूर हंगाम संपून गावी गेला तरी उपचार तिकडे चालू ठेवता येतो, हे त्याला मुकादमामार्फत समजावून सांगावे.

थोडक्यात

१. खोलीचे माप घ्या, घनमीटर काढा, पाचाने गुणा. तेवढी स्वच्छ हवा ताशी मिळाली पाहिजे.
२. आधी खिडक्या मोकळ्या करा, मग एक्झॉस्ट पंखा, मग यंत्र.
३. यंत्र घेताना टक्केवारीवर जाऊ नका, सी.ए.डी.आर. विचारा.
४. ओझोनचे यंत्र घेऊ नका.
५. भजन, बैठक, शिकवणी यांची जागा ठरवताना हवेचा विचार करा.

आमच्या गट ऑफिसची खिडकी आता बैठक असली की उघडी असते. उन्हाळ्यात गरम होते, कागद उडतात, त्यावर आम्ही दगड ठेवतो. ज्या सभासदांना शाळा, दवाखाना किंवा घरातील खोलीचा हिशेब करून हवा असेल त्यांनी लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून आणावी आणि गट ऑफिसात भेटावे. उसाच्या नोंदीबरोबर तोही हिशेब करून देऊ.



— ऊसविकास अधिकारी